पाठीचा कणा आणि चुंबकाची साक्ष

गिरगांवांतील जुन्या चाळींत चार बिऱ्हाडें फिरून पाहिलीं, तर एखाद्या घरीं कपाटाच्या माथ्यावर एक मोठें, चपटें पाकीट पडलेलें आढळतें. आंत काळी फिल्म; तिच्यावर ओळीनें मांडलेलीं पाठीच्या कण्याचीं वीस-पंचवीस लहान चित्रें; आणि सोबत इंग्रजी भाषेंतील दोन पानी अहवाल. घरांतील आजीची कंबर दुखूं लागली, कोणी तरी ‘एकदां एम्. आर्. आय्. काढून घ्या’ असा सल्ला दिला, आणि अहवालांत तीन ठिकाणीं मणक्यांमधील गादी फुगल्याचें निघालें. त्या दिवसापासून आजीनें खालीं बसणें सोडलें, जिना उतरणें सोडलें, आणि घरच्यांनीं तिला ‘जरा ऊठ’ म्हणणेंहि सोडलें.

तेथून तीन-चार मैलांवर परळ. मोठमोठ्या रुग्णालयांच्या भिंतींलगतच्या पदपथांवर बाहेरगांवचीं माणसें आपल्या दुखणाइतासह दिवस काढीत असतात. त्यांत असाच एखादा वीस-बावीस वर्षांचा तरुण असतो. चार महिने पाठ दुखत होती. रात्रीं अधिक दुखे. संध्याकाळीं अंगांत कणकण येई. वजन उतरत चाललें होतें. तेल चोळून झालें, इंजेक्शनें घेऊन झालीं, ‘ओझें उचललें असशील’ असें ऐकून झालें. पायांतलें बळ गेलें, तेव्हां कोठें त्याच्या कण्याचें चित्र निघालें.

श्रोतेहो, हीं दोन्ही चित्रें एकाच जातीच्या यंत्रानें काढलेलीं आहेत. पहिलें काढण्याची घाई नव्हती, तें तत्काळ निघालें. दुसरें तत्काळ निघावयास हवें होतें, तें फार उशिरां निघालें. हें यंत्र नेमकें काय पाहतें आणि काय पाहूं शकत नाहीं, हें सुशिक्षित कुटुंबांत नीट कळलें तर या दोन्ही चुका पुष्कळशा टळतील असें मला वाटतें. म्हणून आज त्याविषयीं बोलण्याचें योजिलें आहे.

प्रथम कण्याची रचना. कणा म्हणजे एक हाड नव्हे. मानेंत सात, पाठींत बारा, कमरेंत पांच, आणि त्यांच्या खालीं एकमेकांस चिकटून गेलेलीं लहान हाडें, अशी ती उतरंड आहे. अगदीं वरचे दोन मणके सोडले, तर दर दोन सुट्या मणक्यांमध्यें एक लवचिक गादी असते. मणक्यांच्या मागच्या कड्या एकावर एक येऊन जी नळी होते, तींतून मज्जारज्जु खालीं उतरतो. तो करंगळीएवढा जाड आणि सुमारें ४५ सेंटिमीटर लांब असतो. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीं तो संपतो, व पुढें नुसत्या मज्जातंतूंचा झुबका घोड्याच्या शेपटासारखा लोंबत राहतो. हें सर्व एका स्वच्छ द्रवांत तरंगत असतें. हात हलविण्याची मेंदूची आज्ञा, पायाच्या अंगठ्यास टोचलेल्या कांट्याची वर्दी, लघवी आवरण्याची शक्ति, सारें या करंगळीएवढ्या जागेंतून जातें-येतें.

इतकी महत्त्वाची वस्तु पाहण्यास वैद्यांजवळ दीर्घकाळ साधन नव्हतें. राँटगेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरण शोधून काढले, त्यांनीं हाडें दिसूं लागलीं. परंतु गादी, द्रव आणि मज्जारज्जु हीं तिन्ही त्या किरणांस सारखींच. १९१९ मध्यें अमेरिकेंतील डँडी यांनीं नळींत हवा भरून, आणि नंतर लवकरच फ्रान्समधील सिकार व फॉरेस्टिए यांनीं आयोडीनयुक्त तेल सोडून आंतील आकृति पाहण्याची युक्ति काढली. रोग्यास कलत्या टेबलावर बांधून तें तेल वर-खालीं खेळवावयाचें, आणि जेथें तें अडेल तेथें दाब आहे असें समजावयाचें. पुढें १९७१ पासून सी. टी. स्कॅन आला. हाडांच्या बाबतींत त्याची बरोबरी आजहि दुसरें साधन करीत नाहीं; परंतु मज्जारज्जूचें अंतरंग त्यालाहि धूसरच दिसतें.

एम्. आर्. आय्. म्हणजे चुंबकीय अनुनाद-चित्रण. तें हाड पाहतच नाहीं, असें म्हटलें तर आपणांस नवल वाटेल. तें मुख्यतः पाणी पाहतें, आणि चरबी पाहतें. पाण्याच्या प्रत्येक कणांत हायड्रोजनचे दोन अणु असतात, आणि हायड्रोजनचें अणुकेंद्र हें एक सूक्ष्म लोहचुंबकच आहे. एरवीं हे चुंबक वाटेल त्या दिशेस तोंड करून असतात. बलवान् चुंबकाच्या पोटांत माणसास निजविलें, कीं त्यांतील थोडेसे, दहा लाखांत चार-पांचच, त्या चुंबकाच्या दिशेनें अधिक झुकतात. एवढ्या अल्प बहुमतावर हें सारें शास्त्र उभें आहे.

तो चुंबक किती बलवान् असतो याची कल्पना यावी म्हणून मुंबईचीच एक गोष्ट सांगतों. कुलाब्याच्या वेधशाळेंत एकोणिसाव्या शतकांत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या बारीक नोंदी घेतल्या जात. शहरांत विजेच्या ट्राम धांवणार, त्यांच्या प्रवाहामुळें त्या नाजूक सुया विचलित होणार, म्हणून तें काम १९०४ सालीं अलिबागेस हलविण्यांत आलें. ज्या चुंबकत्वास ट्रामचा उपद्रव सोसवेना, त्याच्या सुमारें ३५,००० पट बळ रुग्णालयांतील सामान्य यंत्रांत, म्हणजे दीड टेस्लाच्या चुंबकांत, असतें. द्रवरूप हेलियमनें उणें २६९ अंशांपर्यंत थंड केलेल्या तारांतून हा प्रवाह रात्रंदिवस फिरत राहतो. चित्र काढून झालें, दिवे मालवले, म्हणून हा चुंबक विझत नाहीं. जानेवारी २०१८ मध्यें याच शहरांतील एका रुग्णालयांत प्राणवायूचें नळकांडें हातांत घेऊन त्या खोलींत शिरलेल्या एका तरुण नातलगास चुंबकानें नळकांड्यासकट ओढून घेतलें, आणि त्याचा अंत झाला. दारावरच्या सूचना केवळ शिष्टाचाराच्या नाहींत.

आतां रेडिओची गोष्ट. ती या ठिकाणाहून सांगणें विशेष शोभेल. चुंबकाच्या पोटांत हायड्रोजनचीं अणुकेंद्रें भोंवऱ्यासारखीं डोलूं लागतात, आणि डोलण्याचा त्यांचा वेग ठरलेला असतो. दीड टेस्लाच्या चुंबकांत तो सेकंदास सुमारें ६ कोटि ४० लाख असतो. हा वेग रेडिओलहरींचाच आहे, आपल्या एफ्. एम्. केंद्रांच्या पट्ट्याच्या थोडा खालीं. बरोबर त्याच वेगाची रेडिओलहर बाहेरून क्षणभर सोडली, कीं अणुकेंद्रें ती शोषून घेऊन कलतात; लहर थांबली कीं पुन्हां सांवरूं लागतात, आणि सांवरतां सांवरतां स्वतःच एक क्षीण लहर बाहेर टाकतात. माणसाचा देह घटकाभर प्रक्षेपण-केंद्र बनतो! बाहेरच्या कार्यक्रमांची त्यांत भेसळ होऊं नये म्हणून ती खोली चहूंकडून तांब्यासारख्या धातूच्या पत्र्यानें मढविलेली असते. हा मूळ चमत्कार ब्लॉक आणि पर्सेल यांच्या तुकड्यांनीं १९४६ मध्यें, एकमेकांस न कळत, पाहिला. १९७३ सालीं लाउटरबर यांनीं, चुंबकाचें बळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू बदलत नेलें तर प्रत्येक जागेची लहर वेगळी होईल व त्यावरून जागा ओळखतां येईल, हें पाण्याच्या दोन नळ्यांवर दाखविलें. रेडिओची सुई फिरवून आपण जसें केंद्र शोधतों, तसाच हा प्रकार. मॅन्स्फील्ड यांनीं त्यास वेग दिला, आणि २००३ मध्यें त्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. दामादियन यांनीं १९७७ सालीं माणसाच्या छातीचें जें पहिलें चित्र काढलें, त्यास जवळजवळ पांच तास लागले होते. आज कण्याच्या एका भागास वीस-तीस मिनिटें पुरतात.

लहर कोठून आली एवढेंच कळून भागत नाहीं. ती किती वेळ टिकली हेंहि महत्त्वाचें. तंबोऱ्याची तार मोकळी छेडली तर नाद लांबतो, बोट टेकवून छेडली तर तत्काळ मरतो. मोकळ्या पाण्यांतील नाद पुष्कळ टिकतो; घट्ट पेशीजालांतला लवकर विरतो. म्हणून एका प्रकारच्या चित्रांत कण्यांतील द्रव पांढऱ्या शुभ्र नदीसारखा दिसतो आणि त्यांत मज्जारज्जु करड्या दोरीसारखा. तर दुसऱ्या प्रकारांत चरबी पांढरी आणि द्रव काळा. जेथें सूज आली, पू झाला, दाह झाला, तेथें पाणी वाढतें; आणि पाणी वाढलें कीं हें यंत्र बोलूं लागतें.

येथें एक अडचण येते. मणक्याच्या पोटांतील मज्जा मोठ्या माणसांत पुष्कळ अंशीं चरबीची असते, आणि चरबीहि उजळच दिसते. तिच्या उजेडांत रोगाचें पाणी लपतें. यावर चरबीचा आवाज दाबून टाकण्याच्या दोन-तीन युक्त्या आहेत. त्यांतील एक अशी, कीं चरबींतील हायड्रोजन आणि पाण्यांतील हायड्रोजन यांच्या डोलण्याच्या वेगांत दहा लाखांस सुमारें साडेतीन एवढा फरक असतो. दीड टेस्लांत सेकंदास २२० च्या आसपास. तेवढ्यावरून चरबीस वेगळी काढून गप्प करतां येतें. एकाच हायड्रोजनचा सूर तो कोणाच्या शेजारीं बसला आहे त्यावर बदलतो, हें ज्या प्रयोगानें लख्ख दिसलें, तो १९५१ सालीं स्टॅनफर्ड येथें आर्नल्ड, धर्माट्टी व पॅकार्ड यांनीं केला. साध्या मद्यार्काच्या हायड्रोजनचे तीन निरनिराळे सूर त्यांनीं दाखविले. त्यांतील धर्माट्टी पुढें मुंबईस आले, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत त्यांनीं या विषयाचें संशोधन सुरू केलें. मद्यार्काच्या नळींत डोकावणाऱ्या त्या गृहस्थांच्या मनांत परळच्या रुग्णांचे मणके असतील असें मुळींच नाहीं. शास्त्राचा उपयोग बहुधा असाच आडवाटेनें येतो.

या युक्तीचें मोल कळतें तें कण्याच्या क्षयांत. पर्सिव्हाल पॉट या इंग्रज शस्त्रवैद्यानें १७७९ सालीं, कुबड येऊन पाय लुळे पडणाऱ्या रोग्यांचें वर्णन केलें. कॉख यांनीं क्षयाचा जंतु १८८२ मध्यें दाखविला. दाट वस्तीच्या या शहरास क्षय कांहीं नवा नाहीं. शिवडीचें क्षय रुग्णालय मुंबईकरांच्या तोंडीं पिढ्यान्पिढ्या आहे. पण क्षय म्हटला कीं आपणांस खोकला आठवतो, पाठ आठवत नाहीं. आणि हाडांच्या क्षयांपैकीं जवळजवळ निम्मे कण्याचेच असतात. जंतु रक्तांतून येतो व गादीलगतच्या मणक्याच्या कांठांत बिऱ्हाड करतो. पुढें लगतचा मणकाहि पोखरला जातो. पू होतो, पण त्या गळवास उष्णता नाहीं, लाली नाहीं. तें थंड गळूं असतें. मणक्यांपुढील पट्ट्याखालून तें सरकत जातें, कधीं कमरेच्या स्नायूंतून उतरून जांघेंत येऊन उभें राहतें, आणि कधीं मागें वळून मज्जारज्जूस दाबतें. क्ष-किरणांच्या चित्रांत हाड पोखरलेलें दिसावयास त्यांतील खनिजाचा तिसरा हिस्सा, कधीं निम्मा, नाहींसा व्हावा लागतो. चुंबकाच्या चित्रांत मात्र मज्जेंत पाणी शिरतांच मणका उजळतो. कित्येक आठवडे, कधीं महिने आधीं. मघां सांगितलेल्या तरुणाचे गेलेले महिने हेच. शिवाय एका जागीं रोग सांपडला तरी सबंध कणा एकदां पाहून घ्यावा लागतो. दूरच्या मणक्यांत दुसरें ठाणें असण्याचा संभव असतो.

तरीहि चित्र जंतूचें नांव सांगत नाहीं. कर्करोग मणक्यांत उतरतो तेव्हां तो बहुधा गादीस हात लावीत नाहीं. साधे पूजनक जंतु गादी झपाट्यानें खातात. क्षय तिला बरेच दिवस राखतो आणि पातळ भिंतीचीं मोठीं गळवें करतो. जाणता वैद्य या खुणांवरून अंदाज बांधतो, पण हे सर्व नियम अपवादांसह येतात. म्हणून शक्य तेथें सुईनें तेथील कण काढून तपासावे लागतात. मुंबईंत तर ही गरज दुप्पट आहे. कारण नेहमींच्या औषधांस न जुमानणारे क्षयजंतु येथें पुष्कळ आढळतात, आणि कोणतें औषध चालेल हें फिल्म सांगत नाहीं, कण सांगतो. ‘चित्रांत क्षय दिसतो आहे, मग सुई कशाला?’ असें विचारून घरचीं माणसें नकार देतात, तेव्हां तीं प्रेमापोटींच देतात; परंतु त्या नकाराची किंमत पुढें वर्षभर चुकीचीं औषधें घेऊन रोग्यास द्यावी लागते.

आतां गिरगांवच्या आजीकडे वळूं. १९९४ सालीं अमेरिकेंत एक तपासणी प्रसिद्ध झाली. ज्यांची कंबर मुळींच दुखत नाहीं अशा ९८ माणसांचीं चित्रें काढलीं, आणि वाचणाऱ्यांस त्यांची कहाणी कळूं दिली नाहीं. निम्म्याहून अधिकांच्या, ५२ टक्क्यांच्या, निदान एका जागीं गादी फुगलेली निघाली; २७ टक्क्यांची एके बाजूस पुढें आलेली; सर्व गाद्या ठाकठीक असलेलीं माणसें ३६ टक्केच. पिकलेल्या केसांचा अहवाल कोणी लिहीत नाहीं, गादीचा लिहितात, एवढाच फरक. गादींतलें पाणी वयाबरोबर कमी होतें, ती काळवंडते, बसते, फुगते. त्या फुगवट्यानें नेमक्या त्याच मज्जातंतूस दाबलें आहे काय, आणि वेदना नेमकी त्याच तंतूच्या वाटेनें पायांत उतरते काय, हें वैद्यानें पाय उचलून, गुडघ्यावर हातोडी मारून, टांचणी टोचून पाहावयाचें असतें. दोन्ही साक्षी जुळल्या तर निदान. न जुळल्या तर रोग्याच्या देहाची साक्ष मोठी. आणि गादी खरोखर बाहेर आली असली तरी बहुतेकांचें दुखणें कांहीं आठवड्यांत शमतें; बाहेर आलेला तुकडा शरीर पुष्कळदां आपणच शोषून घेतें. म्हणून साध्या कंबरदुखींत पांच-सहा आठवडे थांबण्यास जो वैद्य सांगतो तो निष्काळजी नसतो. आजीस चालूं द्यावें.

मग घाई केव्हां करावी? रात्रीं झोपेंतून उठविणारें दुखणें, ताप, वजन घटणें, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्याझडल्याचा इतिहास, यांपैकीं कांहीं असेल तर दिवस मोजूं नयेत. पायांतलें बळ जात असेल, लघवी अडली किंवा नकळत होऊं लागली, बसावयाच्या जागीं बधिरपणा आला, तर तास मोजावे. अशा वेळीं ‘सोमवारीं पाहूं’ म्हणणें म्हणजे पाय गहाण टाकणें.

याहून हळू चालीनें येणारा एक रोग वृद्धांत फार चुकतो. मानेंत मज्जारज्जु दाबला जात असतो, पण मान दुखतेच असें नाहीं. सदऱ्याचीं बटणें लावतां येईनाशीं होतात, अक्षर बिघडतें, चालतां चालतां चप्पल पायांतून सुटते आणि कळत नाहीं. घरीं म्हणतात, ‘वय झालें.’ मानेचें चित्र काढलें तर पांढरी नदी एका जागीं आटलेली आणि करडी दोरी चिमटलेली दिसते. मानेच्या अगदीं माथ्यावर, पहिल्या-दुसऱ्या मणक्यांचा सांधा ढिला होऊन असा चिमटा बसतो, त्यावर पट्ट्या व स्क्रू बसवून सांधा पक्का करण्याची पद्धति परळच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉ. अतुल गोयल व डॉ. लाहेरी यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध केली, आणि ती पुढें जगभर गेली.

शुद्ध शाकाहारी घरांसाठीं आणखी एक गोष्ट. बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानें मज्जारज्जूचा मागचा भाग झिजतो. पायांस मुंग्या येतात, अंधारांत तोल जातो. मज्जारज्जूच्या आडव्या छेदांत मागच्या बाजूस उलट्या ‘व्ही’ अक्षरासारखी पांढरी खूण कधीं कधीं स्पष्ट उमटते. वेळेवर ओळखलें तर येथें शस्त्रक्रिया नको, इंजेक्शनें पुरतात.

प्रत्यक्ष चित्र काढावयास जाल तेव्हां भिण्यासारखें फारसें नाहीं. क्ष-किरण यांत नाहींत. अरुंद नळींत स्वस्थ पडून राहावयाचें, आणि हातोड्यांचा घणघणाट सोसावयाचा. त्यासाठीं कानांत बोळे देतात. कोंडल्यासारखें होणाऱ्यांनीं आधींच सांगावें. हृदयांत बसविलेलें यंत्र, डोळ्यांत गेलेला लोखंडाचा कण, जुनी शस्त्रक्रिया, यांविषयीं मोकळेपणानें बोलावें. गिरण्यांत, कारखान्यांत आयुष्य गेलेल्यांनीं डोळ्यांचें तर विशेष. मंगळसूत्र काढण्यास आपल्या स्त्रिया बिचकतात. सोन्यास चुंबक ओढीत नाहीं हें खरें, पण मिश्र धातूचा भरंवसा नसतो, आणि धातूमुळें चित्रहि बिघडतें. खरी भीति मंगळसूत्राची नसून बांगड्यांत अडकविलेल्या पिनांची आहे. एकादें रंगद्रव्य शिरेंतून द्यावयाचें असेल तर मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो आधीं सांगावा.

परळच्या तरुणाकडे पुन्हां येतों. अशा रोग्यांपैकीं पुष्कळांचे पाय औषधांनीं, आणि जरूर तेथें शस्त्रक्रियेनें, परत येतात. औषधें एक वर्षाच्या आसपास चालतात. तीन-चार महिन्यांनीं तो चालूं लागतो, वजन भरतें, आणि घरचे उत्साहानें दुसरें चित्र काढतात. तों त्यांत मणका अजून उजळच! कोणी म्हणतें, औषध लागू पडलें नाहीं. परंतु माणूस सुधारतो आधीं आणि चित्र सुधारतें मागाहून. पू आटतो, गळूं आकसतें, आणि पुष्कळ महिन्यांनीं त्या पोखरलेल्या मणक्यांत पाण्याच्या जागीं हळूहळू चरबी परत येते. त्या दिवशींच्या फिल्मवर चरबी दाबून काढलेल्या चित्रांत तो मणका शेजाऱ्यांसारखाच काळा दिसतो, आणि अहवाल वाचणारा डॉक्टर खालीं एकच ओळ लिहितो.